कर्जाचा दोष कोणाच्या माथीं?

(शेतकरी व कारागीर बंधूंच्या सभेंत केलेलें भाषण)



गांवांत एखाद्याचें शेत सावकाराच्या घरांत गेलें कीं चावडीवर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सरकार आणि सावकार यांनीं मिळून कुणब्याला बुडविला. दुसरा म्हणतो (आणि यांत बहुधा शेत न कसणारेच फार), कुणबी लग्नांत पैसा उधळतो, मग रडतो. दोन्ही पक्ष विडी संपवून घरीं जातात. शेत कांहीं परत येत नाहीं. म्हणून आज आम्ही हा हिशेब जुन्या दाखल्यावरून तपासणार आहों.

सन १८७५ च्या १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं रयत सावकारांच्या दुकानांवर चालून गेली. कर्जरोखे हुडकून काढले आणि जाळले. पुढें पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत कित्येक गांवीं तसेंच झालें. माणसांना मारहाण क्वचित्. राग सारा कागदावर. तो राग खोटा नव्हता. इंदापूर तालुक्यांत १८३६ सालीं ठरलेला सारा १८६७ सालीं पुष्कळ वाढविला होता. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें चढलेला कापसाचा भाव १८६५ नंतर उतरला होता. त्यांतच १८५९ च्या कायद्यानें रोख्याची मुदत तीन वर्षें ठरली. ती कुळाच्या संरक्षणासाठीं म्हणून. पण सावकारानें दर तीन वर्षांनीं व्याज मुद्दलांत घालून नवें खत लिहून घेण्याची युक्ति काढली. शेंकडा २४ दरानें शंभराचे तीन वर्षांत १७२ होतात. त्याचेंच नवें खत केलें कीं सहाव्या वर्षाअखेर २९५ च्या वर जातात. ही बेरीज घरोघरच्या पोरांना पाटीवर करावयास द्यावी.

राहिली लग्नाची गोष्ट. दंग्याच्या चौकशीस नेमलेल्या मंडळानेंच लिहून ठेविलें कीं लग्नखर्चाला कर्जाचें कारण म्हणून फाजील महत्त्व दिलें जातें. बी, बैल, सारा, पोटाला दाणे, अशा बारीकसारीक उचलींनींच कर्ज फुगत गेलें. तेव्हां उधळेपणाचा शिक्का मारणाऱ्यांनीं आधीं तो अहवाल पाहावा. सत्यशोधक समाजानें १८७३ पासून भटाविना, थोडक्या खर्चांत लग्नें लावण्याची वाट घालून दिली, तिच्यावर मात्र आपण चार पावलेंच चाललों, हेंही खरें.

मग आपल्या वांट्याला दोष मुळींच नाहीं काय? आहे, पण तो नेमका कोठें तें पाहूं. त्या काळीं रयत खतावर नांगराची निशाणी करी. आंत काय आहे तें लिहिणाऱ्यालाच ठाऊक. समन्स आलें तरी कूळ कोर्टांत जात नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होई. न वाचणें हा त्या रयतेचा अपराध नव्हे. विद्येचा मक्ता कोणाकडे होता हें आपणांस सांगावयास नको. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें बारा वर्षांपर्यंतचें शिक्षण सक्तीचें करा म्हणून मागितलें; शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत तें सक्तीचें व मोफत केलें. आज बहुतेक घरीं वाचणारें पोर आहे. तरी सोसायटीच्या अर्जावर, मेहुण्याच्या जामीनकीवर सही होते ती न वाचतांच! हिचा दोष कोणत्या भटजीच्या आणि कोणत्या शेटजीच्या माथीं मारावयाचा?

कायद्याचेंही तसेंच. १८७९ च्या कायद्यानें कोर्टाला रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासतां येऊं लागला, कुळाला पावती मागण्याचा हक्क मिळाला. २०१४ च्या सावकारी कायद्यानें, बेकायदा सावकारींत गेलेल्या जमिनीसाठीं निबंधकाकडे अर्ज करतां येतो. पण अर्ज आपण होऊन चालत जात नाहीं, आणि पावती न मागतां कोणी देत नाहीं.

आतां एक कडू गोष्ट. बाहेर सावकाराला शिव्या देणारा गडी घरांत शिरला कीं दोष कोणाला देतो? नव्या सुनेला. बैल मेला, पांढऱ्या पायाची आली. विहिरीला पाणी लागलें नाहीं, तिच्याच पायगुणानें. नाहीं तर शनि आहे, कोणाची करणी आहे. जिच्या हातीं ना किल्ली ना हिशेब, जिला खत कधीं दाखविलेंही नाहीं, तिच्यावर सारा भार! भटानें सांगितलेला ग्रह आम्ही मानीत नाहीं म्हणून सभेंत टाळ्या घेणाऱ्यांच्या घरींही हें चालतें. त्या पोरीचें रात्रींचें रडणें शेजाऱ्यांना ऐकूं येतें, आणि शेजारी गप्प बसतात.

तर येत्या बाजारच्या दिवशीं, बाजार उठल्यावर, शाळेच्या ओट्यावर आम्ही बसणार आहों. ज्याच्या घरीं खत, पावती, नोटीस, जामीनकीचा कागद असेल त्यानें तो आणावा. मोठ्यानें वाचूं आणि व्याज मांडून पाहूं. घरच्या बाईमाणसालाही बरोबर आणावें. ओटा पुरला नाहीं तर आंत वर्गांत जागा आहे.