जुना संगणक, मोफत संख्याशास्त्र

सातारा-सांगली भागातले विद्यार्थी, शिक्षक नेहमी विचारतात, "सर, प्रबंधाची माहिती गोळा झाली, पण घरचा संगणक जुना आणि एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर परवडत नाही. काय करू?" माझं सांगणं असं, की त्यासाठी नवा संगणक घेऊ नका आणि कुणाच्या पेनड्राइव्हवरची चोरीची प्रतही टाकू नका. तिच्यासोबत व्हायरस आला, तर वर्षभराची मेहनत पाण्यात जाते.

आधी मार्गदर्शकांना विचारून कोणती चाचणी लागणार ते ठरवा. तीनचारशे प्रश्नावल्या, टी-टेस्ट, काय-स्क्वेअर, सहसंबंध एवढंच काम असेल, तर पीएसपीपी हे सॉफ्टवेअर पुरे. दिसायला एसपीएसएससारखं, त्याच्या फायली उघडणारं, मोफत आणि मुदत न संपणारं. कसबे डिग्रजची हळद किंवा पाडेगावचा ऊस, अशा शेतीप्रयोगात आरबीडी (यादृच्छिक गट आराखडा) असेल, तर हिसारच्या कृषी विद्यापीठाचं ओपीस्टॅट वापरा. ते ब्राउझरमध्ये चालतं, म्हणून जुन्या संगणकावर भार पडत नाही. फक्त इंटरनेट हवं.

ज्यांना पुढे शिकायचं असेल, त्यांनी 'आर' हे सॉफ्टवेअर धरावं. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ते सुरू केलं. आज ते जगभर चालतं आणि तेही फुकट. मात्र ते टाकण्याआधी संगणकाच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम टाइप' पाहा. विंडोज ३२ बिटचं असेल, तर 'आर'ची ४.१.३ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. २०२२ साली आलेल्या ४.२.० पासून विंडोजवर ६४ बिटच लागतं.

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, माहिती नीट भरा. हळदीच्या चार वाफ्यांपैकी तीन वाफ्यांचं उत्पन्न २०, २२, २४ किलो आलं आणि चौथा पावसात वाहून गेला, तर ती जागा रिकामी ठेवा. सरासरी २२ येईल. तिथे शून्य टाकलंत, तर ती १६.५ वर घसरेल आणि निष्कर्षच चुकेल. मूळ तक्ता सीएसव्ही स्वरूपातही ठेवा. तो कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतो.

सुरुवात करताना पाठ्यपुस्तकातलं एखादं सोडवलेलं उदाहरण संगणकाला घाला. उत्तर पुस्तकाशी जुळलं, की आपली माहिती बिनधास्त भरायला घ्या. सॉफ्टवेअरवर खर्च एका रुपयाचाही नाही, आणि काम परीक्षकांसमोर ताठ मानेनं मांडता येईल असं होईल.