'बाय चान्स'
(मंडळाच्या बगरू येथील वनभोजनप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या मंडळात नवे कुटुंब आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'इकडे कसे येणे झाले?' उत्तरही ठरलेले : 'बाय चान्स.' एरवी शुद्ध मराठीचा आग्रह धरणारा गृहस्थही येथे नेमका इंग्रजीचा आश्रय घेतो. 'योगायोगाने' म्हटले तर 'तो कसा?' असे कोणी विचारील. 'बाय चान्स' म्हटले की विषय संपतो. वरचा पगार, हुकलेली बढती, घरातला कलह, सारे त्या दोन शब्दांआड जाते. मीही तीस वर्षे हेच उत्तर देत आलो.

आज आपली पंगत बसली आहे त्या भूमीस मात्र हे उत्तर पटावयाचे नाही. सवाई जयसिंहाच्या निधनानंतर (1743) जयपूरच्या गादीसाठी त्याच्या दोघा पुत्रांत तंटा लागला. धाकट्या माधोसिंहाने द्रव्याचे अभिवचन देऊन मल्हारराव होळकरांना बोलाविले. ऑगस्ट 1748 मध्ये, भर पावसात, बगरूस लढाई झाली. ईश्वरीसिंहाच्या बाजूस सूरजमल जाट होता. आपली माणसे आली ती बोलावण्यावरून, मोल ठरवून. पुढे मराठी फौजा पुन्हा चालून आल्या तेव्हा, डिसेंबर 1750 मध्ये, ईश्वरीसिंहाने आत्मघात केला. माधोसिंह गादीवर बसला आणि जानेवारी 1751 मध्ये त्याच जयपुरात, शहर पाहावयास शिरलेल्या मराठ्यांची कत्तल झाली. अटकेची कथा आपण मुलांना रंगवून सांगतो. ही मात्र मी कोणाच्याच घरी ऐकली नाही.

सकाळी छीपांच्या वस्तीत एका वृद्ध कारागिराने विचारले, 'कैसे आना हुआ?' मी उत्तर देणार, तोच तो आपल्या पूर्वजांविषयी सांगू लागला : ते नदीच्या पाण्यासाठी आले आणि मातीसाठी राहिले. काळी माती, चुना, डिंक आणि किडक्या गव्हाचे पीठ यांचा 'दाबू' कापडावर दिला की तेवढ्या जागी नीळ चढत नाही. नदी आटली, काम चालू आहे.

त्याच्यापुढे 'बाय चान्स' म्हणवेना. थोरल्या बंधूंशी वाटणीवरून बिनसले, म्हणून मी होऊन जयपूरची बदली मागून घेतली होती, हे त्याला सांगितले. मंडळात ते कोणासच ठाऊक नव्हते, आता झाले. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि ठसा पुन्हा रंगात टेकविला.