डोंगरवाटेची शिदोरी

आपल्या हिंगोली जिल्ह्याला पायी चालण्याचे अप्रूप नाही. नर्सीचे नामदेव महाराज थेट पंजाबातल्या घुमानपर्यंत गेले, आणि आजही आषाढी जवळ आली की गावोगावच्या दिंड्या पंढरीची वाट धरतात. पण दिंडीत जड सामान गाडीवर असते आणि मुक्कामाला गाव भेटते. डोंगरात ज्याचे ओझे त्याच्या पाठीवर; विसरलेली काडीपेटी मागायला तिथे शेजार नसतो. म्हणून शाळेची मुले घेऊन सह्याद्रीत जाणाऱ्या गुरुजींनी आणि बाईंनी पिशवीचा विचार आधीच करावा.

उदाहरणादाखल एक वाट घेऊ. अकोले तालुक्यात रतनवाडीहून रतनगड, तिथून कात्राबाईची खिंड उतरून कुमशेत, पुढे पाचनई आणि हरिश्चंद्रगड. मुलांसह हिवाळ्यात तीन-चार दिवस धरावेत. एवढ्या दिवसांचे काय काय न्यायचे?

प्रथम वजनाचा हिशेब. मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाहून अधिक भार नसावा. नववीतला मुलगा ४२ किलोचा असेल, तर त्याची पिशवी ७ किलोंची. त्यांत दोन लिटर पाणी म्हणजे २ किलो गेले. पांघरूण आणि स्वेटर मिळून आणखी दोन. उरले तीन किलो; त्यांत कपडे, खाणे, ताट-पेला सारे बसवायचे. हे गणित मुलांकडूनच फळ्यावर सोडवून घ्या. जी वस्तू आपण वर्गात वजन करून वगळली, ती मुलाला चढणीवर आठवत नाही.

दुसरी गोष्ट थंडीची. हजार मीटर चढले की हवा साधारण सहा अंशांनी गार होते, आणि गडावर वारा असतो तो वेगळाच. सुती कपडा घामाने भिजला की लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते. आपल्या धनगर बांधवांची घोंगडी याचसाठी मोलाची. ती जड वाटली तर दोघांत एक न्यावी. मात्र अंगावर जेवढे, तेवढेच अंगाखालीही हवे, कारण रात्री जमीनच ऊब पिते. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा आणि तो फक्त झोपताना घालावा.

पायांत नवे बूट नकोत. महिनाभर वापरलेले, तळाला खाच असलेले बूट बरे. टाच चुरचुरू लागताच थांबून चिकटपट्टी लावावी. फोड आल्यावर लावून उपयोग थोडा.

खाण्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-दाणे, मेतकूट आणि भाजलेले पोहे. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा लाकूड तोडून चूल मांडण्याचा विचार नको. वाटेवरच्या गावांत आधी निरोप दिला तर पिठलं-भाकरी मिळते; तेवढे ओझे कमी होते आणि त्या घराला दोन पैसेही मिळतात.

काही वस्तू शाळेने न्याव्यात: दोर, दोन-तीन विजेऱ्या, औषधाची पेटी, नकाशा, पाणी शुद्ध करण्याचे थेंब. जुलाब-उलट्या झाल्या तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजावे. साप चावला तर कापू नये, आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून रुग्णालयात न्यावे. प्रत्येक मुलाच्या गळ्यात मात्र एक शिट्टी असावी. तीन शिट्ट्या म्हणजे ‘मी अडचणीत आहे’, हे निघण्यापूर्वीच ठरवून टाकावे.

आता शेवटचे, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. शाळेतून घरी जी यादी जाते, ती नीट पाहून लिहा. ‘पाठीवरची मोठी पिशवी, झोपण्याची पिशवी, खास बूट’ असे त्यांत आले, की मजुरी करणाऱ्या आईचे लेकरू ती यादी घरी दाखवतच नाही. ‘मला नाही यायचं, गुरुजी,’ एवढेच म्हणते, आणि आपल्याला वाटते, पोराला हौस नाही. खरे पाहता दप्तराला रुंद पट्टे शिवले की पिशवी झाली. उपरणे उन्हात डोक्याला, थंडीत कानाला आणि हात दुखावला तर झोळीला चालते. यादीतली प्रत्येक वस्तू वर्गातल्या सर्वांत गरीब घरात आहे का, हे आधी पाहा; नसेल तर ती शाळेच्या रकान्यात टाका.

मग एका रविवारी भरलेल्या पिशव्यांसह औंढ्याच्या रस्त्याला चार तास चालून या. कोणाचा पट्टा तुटतो, कोणाचा बूट लागतो, ते गावाजवळच कळेल, आणि दुरुस्तीला वेळही राहील.