हक्काचं धान्य अन् हातातला मोबाईल



आपल्या वाशिम जिल्ह्यातली माणसं कामासाठी पुण्या-मुंबईकडे जातात, अन् रेशन गावातच राहतं. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, तर अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य दरमहा ठरवून दिलेलं आहे. 2023 पासून ते मोफत आहे, अन् आता परगावच्या रेशन दुकानातूनही उचलता येतं. आपल्या कार्डावर किती धान्य मंजूर आहे, किती उचललं, हे 'मेरा राशन' ॲपवर दिसतं. मात्र ई-केवायसी करून घ्यावी लागते. राबून झिजलेला म्हाताऱ्यांचा अंगठा मशीन ओळखत नाही. त्यांच्यासाठी चेहऱ्यावरून ई-केवायसी करणारं ॲप आहे. म्हणून आम्ही विनंती करतो, शिकलेल्या पोरापोरींनी रविवारी विहारात बसावं अन् घरोघरीचं एवढं काम करून द्यावं. जयभीम!