वळिवड्याची छावणी आणि राष्ट्रांचे सौदे



कोल्हापूरपासून काही मैलांवर, पंचगंगेच्या परिसरात वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. कोल्हापूरच्या आतिथ्याची ही कथा आपण अभिमानाने सांगतो आणि तो अभिमान रास्तच आहे. तथापि ही माणसे येथवर कशी आली आणि पुढे त्यांचे काय झाले, हे पाहिल्यावाचून त्या कथेचा बोध पुरा होत नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलरचे आणि पूर्वेकडून स्टालिनचे सैन्य चालून आले. दोघांनी गुप्त कराराने त्या देशाची वाटणी आधीच ठरविली होती. पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांना १९४० पासून सैबेरिया व मध्य आशियात हद्दपार करण्यात आले. समाजवादाचे नाव घेणाऱ्या सत्तेने हे केले, म्हणून समाजवाद्यांनी त्याविषयी मौन पाळण्याचे काहीच कारण नाही.

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर आक्रमण केले आणि कालचे कैदी एकाएकी दोस्त ठरले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमध्ये पोलिश पंतप्रधान सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांनी करारावर सह्या केल्या, तेव्हा या लोकांच्या सुटकेची वाट मोकळी झाली. १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक इराणात पोहोचले. त्यांतील काही नवानगर संस्थानातील बालाचडी येथे आले, काही वळिवड्यास आले. येथे त्यांच्या शाळा चालल्या, दवाखाना व प्रार्थनामंदिर उभे राहिले.

परंतु राजकारणाचे वारे फिरले. कातिनच्या हत्याकांडावरून एप्रिल १९४३ मध्ये स्टालिनने लंडनस्थित पोलिश सरकारशी संबंध तोडले. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन बड्या राष्ट्रांनी पूर्व पोलंड रशियाच्या पदरात टाकला. त्याच वर्षीच्या जुलैत ब्रिटन व अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्साच्या सरकारला दिली. वळिवड्यातील माणसांचा यांपैकी एकाही निर्णयात सहभाग नव्हता. पण त्यांचे सरकार कागदावरून पुसले गेले आणि अनेकांचे गाव परक्या देशात गेले. युद्ध जिंकलेल्या पक्षाचे हे लोक घराला मात्र मुकले. छावणी मोडल्यावर पुष्कळांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा दूरच्या देशांत नवा संसार मांडला.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. १९४३ या त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली आणि ब्रिटिश साम्राज्याला धान्यासाठी पुरेशी जहाजे सापडली नाहीत. यात त्या पोलिश मुलांचा काडीमात्र दोष नव्हता. करुणेची विल्हेवाट सत्तेच्या सोयीवर सोपविली, की एकाला आसरा मिळतो आणि दुसरा उंबरठ्यावर मरतो, एवढेच त्यातून सिद्ध होते.

पोलिश लोक गेल्यानंतर फाळणीने उद्ध्वस्त झालेले सिंधी कुटुंबकबिले त्याच जागी वसले; आजचे गांधीनगर ते हेच. एकाच भूमीने दोन देशांच्या फाळण्यांची झळ सोसलेली माणसे पाहिली.

ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला पुष्पचक्र वाहिले. त्या आतिथ्याचे स्मरण झाले, हे उचितच. परंतु १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही आपल्या देशाने केलेला नाही. त्यामुळे आश्रयाला येणारा कोणत्या देशाचा, कोणत्या धर्माचा आणि त्या घटकेला दिल्लीच्या परराष्ट्रनीतीला सोयीचा की गैरसोयीचा, यावर त्याचे भवितव्य ठरते. जेथे जिवाला धोका आहे तेथे कोणालाही परत लोटले जाणार नाही, एवढी हमी कायद्याने दिली पाहिजे. कोल्हापूरच्या माणसांनी पाच वर्षे जे औदार्य दाखविले, ते उद्याच्या निर्वासिताला हक्क म्हणून मिळावे, ही मागणी प्रथम याच भूमीतून उठली पाहिजे.