साखरेचा आजार आणि घरची माणसे



मधुमेहाला आपण साखरेचा आजार म्हणतो. आम्हांलाही तो आहे. औषध मिळते हो, पण मनातल्या घोराचे काय? 'मला काही झाले तर लेकरांचे कसे होईल?' ह्या विचाराने झोप लागत नाही. लोक नावे ठेवतील म्हणून बाप गोळी लपवून घेतो. आई सुई लपवून टोचते.

मंडळी, हा आजार पापाचे फळ नव्हे. तो शिवल्याने लागत नाही. १९२२ साली कॅनडात एका १४ वर्षांच्या मुलाला प्रथम इन्सुलिन टोचले. मरणाच्या दारातला तो मुलगा पुढे १३ वर्षे जगला. आज तर औषधे पुष्कळ सुधारली आहेत.

पण लपवण्यात धोका आहे. इन्सुलिन घेतले आणि जेवायला उशीर झाला, तर रक्तातली साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात कापतात, माणूस उगाच चिडतो. घरच्यांना वाटते, राग आला. शेजाऱ्यांना वाटते, दारू प्याला. लेकरे भिऊन दूर पळतात.

अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच पाजावी. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये, तडक दवाखाना गाठावा.

आम्ही आमच्या मुलांना हे लहानपणीच शिकवले. त्यांची भीती गेली. आमचा घोरही निम्मा झाला.

तेव्हा आज रात्री जेवताना घरच्यांना सांगा. साखरेचा डबा कुठे आहे, तेही दाखवा.