पाचवी ते आठवी : आपल्या मुलांची मोजदाद आपणच करू या

(घनसावंगी येथील धम्मबांधवांपुढे केलेले भाषण)



आपल्या वस्तीतील मूल सहाव्या वर्षी शाळेत जाऊ लागते, याचा आपणांस अभिमान वाटतो आणि तो रास्तही आहे. परंतु पहिलीत बसलेल्या त्या मुलांपैकी आठवी पूर्ण करून बाहेर पडतात किती, हे आपण कधी मोजले आहे काय? आज मी आपणांपुढे तक्रार मांडावयास उभा नाही. एका कामाची योजना मांडावयास उभा आहे. या तालुक्यातील प्रत्येक गावी पाचवी ते आठवी या टप्प्याची पाहणी आपण स्वतः करावी, ही ती योजना होय.

पुराव्यानिशी बोलण्याची रीत आपणांस परकी नाही. १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले आणि कष्टकऱ्यांच्या करातून वरिष्ठ वर्गाचे शिक्षण कसे चालते, हे मांडले. १९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी अवघी १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत बुडतात. तो एक आकडा दहा भाषणांहून भारी होता.

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मधल्या शाळेस तेव्हा वस्तानिया म्हणत आणि तेथील माध्यम उर्दू असे. मराठीत चार इयत्ता शिकलेले मूल त्या उंबरठ्यावर अडखळे. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेस महाविद्यालय काढले. पण त्या दारापर्यंत पोहोचावयाचे तर मधली पायरी शाबूत हवी. भाषेची ती अडचण आता गेली, तरी उंबरठा राहिलाच आहे. जेथे गावची शाळा चौथी-पाचवीस संपते, तेथे पुढची शाळा दूर पडते; दिवाळीनंतर आईबाप उचल घेऊन ऊसतोडीस जातात; मुलीवर धाकट्या भावंडांचा भार येतो.

तेव्हा पाहणी कशी करावी, ते ऐका.

पहिली गोष्ट, प्रश्न एकच ठेवा : तीन वर्षांपूर्वी गावातील जी मुले पाचवीत होती, त्यांपैकी आज आठवीत किती आहेत? महाराष्ट्राने २०२३ साली पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा लागू केली आहे. तीत व नंतरच्या फेरपरीक्षेतही अनुत्तीर्ण झालेले मूल त्याच वर्गात ठेवता येते. म्हणून मागे राहिलेल्यांचा रकाना वेगळा करा. मात्र आठवी पूर्ण होईपर्यंत कोणाही मुलास शाळेतून काढता येत नाही, हे ध्यानी असू द्या.

दुसरी गोष्ट, कागद. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरातील व हजेरीपटातील संख्या मागा. तोंडी न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास शुल्क नाही. उत्तर ३० दिवसांत यावयास हवे.

तिसरी गोष्ट, घर. सर्व समाजांच्या घरी जा. हजेरी कोणत्या महिन्यात तुटली, हे आईस विचारा. मुलाचे नाव वहीत लिहू नका. वय, इयत्ता आणि कारण एवढेच लिहा. बापाने स्वतः मुलीचे नाव काढले असेल, तर तेही लिहा. अर्धे सत्य सांगणारा साक्षीदार उलटतपासणीत टिकत नाही.

चौथी गोष्ट, कायद्याचा गज लावा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६वी ते ८वीस ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांस निदान एकेक शिक्षक हवा. वर्षास कामाचे २२० दिवस भरावयास हवेत. या इयत्तांची शाळा ३ किलोमीटरांच्या आत असावी, असे महाराष्ट्राचे नियम सांगतात. १४ वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांस प्रवेश मिळवून देणे, हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. दाखला हाती नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

मग हा ताळा कोठे न्यावा? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्मे सभासद स्त्रिया असतात. प्रथम तेथे, नंतर ग्रामसभेत, त्यानंतर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

भगवान बुद्धांनी कालामांस सांगितले की, परंपरेने आले म्हणून किंवा कोणी थोर बोलला म्हणून काही मानू नका; स्वतः पारखून घ्या. धम्म स्वीकारलेल्या घराने हा उपदेश वंदनेपुरता ठेवून कसे चालेल? "आमची मुले शिकत नाहीत" हे लोकांचे बोलणे आणि "आमची सगळी मुले शिकतात" हे आपले बोलणे, दोन्ही पारखून घेतली पाहिजेत.

अशोक विजयादशमीच्या आत, कुटुंबे ऊसतोडीस निघण्यापूर्वी, पहिली मोजणी करा. दुसरी जानेवारीत करा. भीमजयंतीस दोन्ही आकडे विहारात मोठ्याने वाचा. जी मुले दोहोंच्या मध्ये गळलेली दिसतील, त्यांच्या दारी दुसऱ्याच दिवशी जा आणि जूनमध्ये त्यांस हाताशी धरून शाळेत न्या. कायदा त्यांस वयानुरूप वर्गात बसण्याचा व विशेष प्रशिक्षणाचा हक्क देतो. तो हक्क मागावयास मात्र कोणीतरी दारात उभे राहावे लागते.

जय भीम!